टॅब्लेट संगणक
हातात किंवा मांडीवर धरून, काचेच्या सपाट पडद्यावर बोटाने वा लेखणीने चालविण्याचे संगणकीय साधन. व्यवहारात त्यास ‘टॅब’ म्हणतात. आकाराने ते शाळेतील पाटीच्या जवळचे असून पाटीप्रमाणेच त्याची मूळ कल्पनाही मुलांसाठी करण्यात आली होती. घरात मात्र ते कचेऱ्यांच्या वाटेने, बऱ्याच उशिरा आले.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी पॅलो आल्टो (कॅलिफोर्निया) येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात असताना १९७२ मध्ये ‘डायनाबुक’चा आराखडा मांडला. वहीएवढा आकार, दोन किग्रॅ.हून कमी वजन व सु. ५०० डॉलर किंमत अशी त्यांची अपेक्षा होती. मुलाने त्यावर केवळ वाचावे असे नव्हे, तर चित्रे, संगीत व स्वतःच्या आज्ञावलीही रचाव्यात, हे के यांचे मुख्य सूत्र होते. तत्कालीन तंत्राने असे यंत्र बनविणे अशक्य होते.

प्रत्यक्षात आलेली पहिली यंत्रे वेगळ्याच कामाची होती. ‘ग्रिडपॅड’ (१९८९) हे सु. दोन किग्रॅ. वजनाचे महागडे यंत्र मुख्यतः पाहणी व नोंदी करणाऱ्यांच्या हाती गेले. ॲपल कंपनीच्या ‘न्यूटन’ला (१९९३) हस्ताक्षर नीट वाचता येत नसे; त्यावर विनोद झाले आणि १९९८ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मायक्रोसॉफ्टच्या पुरस्काराने २००२ मध्ये आलेल्या टॅब्लेटांत मेजावरील संगणकाचीच प्रणाली होती. आरामखुर्चीत बसलेल्या माणसाला तक्ते भरावयाचे नसतात, ही साधी गोष्ट या सर्व प्रयत्नांत दुर्लक्षिली गेली.

ॲपलचा ‘आयपॅड’ २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे जाहीर झाला. त्या वेळी स्टीव्ह जॉब्झ यांनी तो व्यासपीठावर आरामखुर्चीत बसून चालवून दाखविला. साधनाचे स्थान त्यातच सूचित होते. सु. ६८० ग्रॅ. वजन, दहा तास पुरणारी विद्युत् घटमाला आणि बोटाच्या स्पर्शाने होणारा विद्युत् भारातील बदल टिपणारा पडदा, यांमुळे लेखणी व मेज ही दोन्ही अनावश्यक ठरली. पुढील वर्षीच्या आवृत्तीत कॅमेरे आले आणि परदेशी स्थायिक झालेल्या मुला-नातवंडांना समोरासमोर पाहण्याची सोय त्यावर झाली. भ्रमणध्वनी व्यक्तीचा, तर टॅब बहुधा घराचा असतो. सकाळी आजोबा अक्षरे मोठी करून त्यावर वर्तमानपत्र वाचतात, दुपारी तो स्वयंपाकघरात पाककृतीसाठी उभा केला जातो आणि रात्री लहान मुलाला घास भरविताना चित्रपट दाखविण्याच्या कामी येतो.

के यांचे समाधान मात्र झाले नाही. मुलांनी ‘स्क्रॅच’ या भाषेत रचलेले कार्यक्रम दाखविणारी आज्ञावली ॲपलने एप्रिल २०१० मध्ये आपल्या भांडारातून काढून टाकली, तेव्हा त्यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. हा आक्षेप रास्त होता. पाहण्यासाठी उत्तम असलेले हे साधन रचण्यासाठी बराच काळ तोकडे राहिले.

भारतात विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा स्वस्त टॅब ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्ली येथे प्रसृत झाला. सात इंची पडद्याच्या या यंत्राची गती मंद होती व पडद्यास जोराने दाबावे लागे. सुधारित आवृत्तीच्या (२०१२) कामात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा प्रमुख सहभाग होता; तथापि योजना अपेक्षेप्रमाणे विस्तारली नाही. दरम्यान भ्रमणध्वनींचे पडदे मोठे होत गेले, बहुसंख्य भारतीय कुटुंबांत टॅबची कामे त्यांवरच होऊ लागली. जगातील विक्रीही २०१४ नंतर घटत गेली. एक वर्षाखालील बालकांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाहून अधिक काळ दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचविले. पुढच्याच वर्षी कोविड-१९ च्या साथीत शाळा बंद झाल्या, वर्ग पडद्यावर भरू लागले आणि टॅबची मागणी पुन्हा वाढली. शाळा उघडल्यावर ती ओसरली.