आयसोजेनीची कुळकथा

ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टनमधलं एखादं मराठी घर पुण्याला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतं, तेव्हा ते बोलणं गुप्त राहतं ते गणितातल्या एका अवघड प्रश्नाच्या भरवशावर. ही कल्पना १९७६ची. कधीही न भेटलेली दोन माणसं उघडपणे संख्यांची देवाणघेवाण करून सामाईक गुपित तयार करू शकतात, हे डिफी आणि हेलमन यांनी दाखवलं. १९८५मध्ये त्यासाठी एलिप्टिक कर्व्ह नावाचे वक्र आले. पण पुरेसा मोठा क्वांटम संगणक या दोन्हींमागचे अवघड प्रश्न सोडवू शकेल, असं १९९४मध्ये पीटर शोर यांनी सिद्ध केलं आणि नव्या अवघड प्रश्नाचा शोध सुरू झाला.

असा एक प्रश्न आयसोजेनीचा. आयसोजेनी म्हणजे अशा एका वक्रावरून दुसऱ्यावर नेणारी बैजिक वाट. दोन्ही टोकं माहीत असूनही मधली वाट शोधणं फार कठीण. ते किती कठीण, याचा हिशेब स्टीव्हन गॅलब्रेथ यांनी १९९९मध्येच मांडला होता. पुढे ते ऑकलंड विद्यापीठात आले. २०११मध्ये जाओ आणि दे फेओ यांनी या वाटांवर एसआयडीएच ही पद्धत रचली. बोलणाऱ्या दोघांचं गुपित जुळावं म्हणून तिच्यात वक्रांवरचे काही जादा बिंदूही उघड करावे लागत.

माझ्या मते खरी गोष्ट या बिंदूंचीच आहे. २०१६मध्ये गॅलब्रेथ, पेटी, शानी आणि टी यांनी दाखवलं की कुणी तीच गुप्त किल्ली पुन्हा पुन्हा वापरली, तर त्याला मुद्दाम बिघडवलेले बिंदू पाठवून ती थोडी थोडी काढून घेता येते. वर्षभरात पेटी यांनी आणखी पुढचं दाखवलं: पद्धतीतल्या संख्यांची मापं बदलली, तर हे बिंदूच वाट सांगून टाकतात. तरीही एसआयडीएचवर बेतलेली 'साइक' ही पद्धत जुलै २०२२मध्ये अमेरिकी मानकसंस्थेच्या क्वांटमरोधक पद्धतींच्या निवडीच्या चौथ्या फेरीत पोहोचली. त्याच महिन्याच्या अखेरीस बेल्जियमच्या कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी एर्न्स्ट कानी यांचं १९९७चं प्रमेय त्या बिंदूंना लावलं. साइकची मानकासाठी सुचवलेली सर्वांत लहान आवृत्ती संगणकाच्या एकाच गाभ्यावर सुमारे तासाभरात फुटली. वाट शोधण्याचा मूळ प्रश्न मात्र कठीणच राहिला. जादा बिंदू न देणारी 'सीसाइड' ही आयसोजेनीवरचीच दुसरी पद्धत या हल्ल्यातून सुटली.

आता त्याच प्रमेयावर 'एसक्यूआयसाइन' या आयसोजेनीवर बेतलेल्या डिजिटल सहीच्या नव्या, वेगवान आवृत्त्या रचल्या जात आहेत.