तीन पेन्सांचा कर आणि तेरा वसाहती

1763 मध्ये सप्तवार्षिक युद्ध संपले, तेव्हा उत्तर अमेरिकेतील तेरा ब्रिटिश वसाहतींत स्वातंत्र्याची भाषा कोणी करत नव्हते. फ्रान्सचा पराभव होऊन कॅनडा ब्रिटनकडे आला होता आणि इंग्लंडच्या राजाची प्रजा म्हणवून घेण्यात वसाहतवाले धन्यता मानत होते. विजयाची किंमत मात्र जबर होती. ब्रिटनचे सरकारी कर्ज 12 कोटी पौंडांच्या वर गेले होते. शिवाय अमेरिकेत सुमारे 10 हजारांची फौज ठेवायची होती. त्या खर्चाचा थोडा भार वसाहतींनी उचलावा, हे लंडनच्या मंत्र्यांचे म्हणणे वरकरणी तरी रास्त होते. इंग्लंडमधला करदाता वसाहतवाल्यापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. वाद पेटला तो कर बसवण्याचा अधिकार कोणाचा, यावरून. वसाहतींत कर ठरवत असत ती तिथलीच निवडलेली विधिमंडळे, आणि लंडनच्या पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता.

1763 च्या राजघोषणेने ॲपलेशियन पर्वतापलीकडे वस्ती करायला बंदी घातली, तेव्हा जमिनीवर डोळा ठेवून बसलेले लोक नाराज झाले. पुढच्या वर्षी मळीवरची जकात उलट निम्म्यावर आणली गेली. पण ती आता खरोखर वसूल होऊ लागली आणि चोरट्या व्यापाराचे खटले ज्यूरी नसलेल्या न्यायालयांकडे जाऊ लागले. ही गाऱ्हाणी ज्याच्या त्याच्या धंद्यापुरती होती. ती सर्वांची झाली 1765 च्या मुद्रांक कायद्याने. करारपत्रे, परवाने, वर्तमानपत्रे, इतकेच काय पत्त्यांचे जोडसुद्धा शिक्क्याच्या कागदावर असले पाहिजेत, असा हा कायदा होता. त्याचा फटका वकील, छापखानेवाले आणि खानावळवाले यांना बसला. ज्यांच्या हाती लेखणी, छपाई आणि चार लोक जमण्याची जागा होती, नेमके तेच दुखावले गेले. बोस्टनमध्ये ऑगस्टमध्ये मुद्रांक अधिकारी अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा झाडाला टांगला गेला. पुढे लेफ्टनंट गव्हर्नर टॉमस हचिन्सन यांचे घर जमावाने फोडले. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला एकत्र आले आणि व्यापाऱ्यांनी ब्रिटिश मालावर बहिष्कार घातला. मार्च 1766 मध्ये कायदा मागे घेतला गेला. त्याच वेळी पार्लमेंटने दुसरा कायदा करून जाहीर केले, की वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करण्याचा अधिकार आपल्याला आहे. जल्लोषाच्या भरात या कायद्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

1767 मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली. तिच्या उत्पन्नातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांना पगार द्यायचा होता. म्हणजे विधिमंडळांच्या हातातली खर्चाची दोरीच सुटणार होती. पुन्हा बहिष्कार आला, घरोघरी चरखे फिरू लागले. बोस्टनमध्ये पलटणी उतरल्या आणि 5 मार्च 1770 रोजी सैनिकांच्या गोळीबारात पाच जण मेले. बाकीच्या जकाती रद्द झाल्या, चहावरची तेवढी राहिली. एक रतल चहामागे तीन पेन्स.

खरी ठिणगी याच चहाने टाकली, आणि त्यात ईस्ट इंडिया कंपनीचा हात होता. बंगालमधला 1770 चा दुष्काळ, वाढता लष्करी खर्च आणि भागधारकांना वाटलेला लाभांश यांनी कंपनी बुडायला आली होती. लंडनच्या वखारींत लाखो रतल चहा पडून होता. हा चहा चीनचा, आसामचे मळे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. कंपनीला वाचवण्यासाठी 1773 च्या कायद्याने तिला हा माल थेट अमेरिकेत विकायची सवलत दिली. त्यामुळे कर भरूनही तो चोरट्या डच चहाशी टक्कर देईल इतका स्वस्त पडणार होता. स्वस्ताईच्या मोहाने लोक कर मुकाट्याने भरतील, हा हिशेब पार चुकला. मक्तेदारीच्या धास्तीने स्थानिक व्यापारी बिथरले आणि स्वस्त चहा हा सापळा ठरला.

हा चहा घेऊन ‘डार्टमाउथ’ हे जहाज नोव्हेंबरअखेर बोस्टनला लागले. नियमाप्रमाणे वीस दिवसांत जकात भरली नाही, तर माल जप्त होणार होता. लोक माल उतरू देईनात आणि आता गव्हर्नर झालेले हचिन्सन जहाज परत जाऊ देईनात. मुदतीच्या आदल्या रात्री, 16 डिसेंबरला, मोहॉक आदिवासींच्या वेशातल्या लोकांनी तीन जहाजांवरच्या 342 पेट्या कुऱ्हाडींनी फोडून चहा बंदरात ओतला.

ब्रिटनने बोस्टन बंदर बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सची सनद मोडीत काढली. शिक्षा एका वसाहतीला झाली, धसका सगळ्यांनी घेतला. सप्टेंबर 1774 मध्ये फिलाडेल्फियात बारा वसाहतींची काँग्रेस भरली. फक्त जॉर्जिया गैरहजर होती. 19 एप्रिल 1775 रोजी लेक्सिंग्टन आणि काँकर्ड येथे ब्रिटिश सैनिक आणि वसाहतवाले यांच्यात गोळीबार झाला.

लढाई सुरू झाल्यावरही काँग्रेसने जुलैमध्ये राजाकडे समेटाचा अर्ज धाडला. तोवरची समजूत अशी, की दोष मंत्र्यांचा आणि पार्लमेंटचा आहे, राजा न्याय करील. तिसऱ्या जॉर्जने अर्ज स्वीकारला नाही आणि ऑगस्टमध्ये वसाहतींना बंडखोर ठरवले. जानेवारी 1776 मध्ये टॉमस पेनच्या ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेने राजेशाहीवरच सरळ हल्ला चढवला. 4 जुलैच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातली गाऱ्हाण्यांची लांबलचक यादी राजाच्याच नावावर आहे. मसुदा लिहिणाऱ्या टॉमस जेफर्सन यांचा गुलामांच्या व्यापारावरचा परिच्छेद मात्र काँग्रेसने गाळला. वसाहतींतला साधारण दर पाचवा माणूस गुलाम होता आणि स्वातंत्र्याच्या भाषेत त्याला जागा मिळाली नाही. तो डाग नंतरच्या यादवी युद्धापर्यंत राहिला.

साराटोगा येथे ब्रिटिश फौजेचा पराभव झाल्यानंतर 1778 मध्ये पार्लमेंटने चहावरचा कर रद्द केला आणि वसाहतींवर महसुलासाठी कर बसवण्याचा हक्कही सोडला. 1774 मध्ये एवढ्यावर तडजोड झाली असती. आता काँग्रेस स्वातंत्र्याला मान्यता किंवा फौजा माघारी यांखेरीज बोलायला तयार नव्हती आणि फ्रान्स तिच्या बाजूने युद्धात उतरला होता. ऑक्टोबर 1781 मध्ये यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली आणि 3 सप्टेंबर 1783 रोजी पॅरिसच्या तहाने ब्रिटनने तेरा वसाहतींचे स्वातंत्र्य मान्य केले.