जगायला गेलेली माणसं

नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या गावांत 'स्थलांतर' हा शब्द कुणाच्या तोंडी नसतो. कुलूप लागलेल्या घराबद्दल शेजारी विचारलं, तर 'जगायला गेलीत' असं उत्तर मिळतं, नाहीतर 'कोयत्यावर गेलीत.' पहिला वाक्प्रचार दुष्काळाइतका जुना आहे, दुसरा साखर कारखान्यांच्या वयाचा. पहिल्याची जागा दुसऱ्याने कशी घेतली, हा या जिल्ह्याच्या इतिहासातला महत्त्वाचा आणि तुलनेने कमी लिहिला गेलेला भाग आहे.

17,048 चौरस किलोमीटरचा हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीवर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर हे तालुके पर्जन्यछायेत पाचशेच्या आसपास मिलिमीटरवर दिवस काढतात. तोही पाऊस वेळेवर पडला तर.

1875 मध्ये पारनेर, श्रीगोंदा, कर्जत भागातल्या कुणब्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. 'दख्खनचे दंगे' म्हणून आपण ते शिकतो. त्याला दोन वर्षं होतात न होतात तोच 1876-77 चा दुष्काळ आला. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला जेमतेम एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा इतकी खाली आणली, तेव्हा दख्खनमधल्या हजारो मजुरांनी कामं सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने हा प्रश्न लावून धरला. भुकेल्या माणसांचा संप हा प्रकार आपल्या श्रमिक इतिहासात फार कमी आठवला जातो. धोंड-मनमाड लोहमार्गाचं मातीकामही याच दुष्काळात झालं आणि 1878 मध्ये गाडी सुरू झाली. ज्यांनी त्या भरावावर पाट्या वाहिल्या, त्यांच्या पुढच्या पिढ्या त्याच रुळांवरून मुंबईकडे गेल्या.

दुष्काळावर उपाय म्हणून इंग्रज सरकारने कालवे काढले. आधी गोदावरीचे, मग प्रवरेचे. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं. या कालव्यांमागची मूळ कल्पना संरक्षक सिंचनाची होती, म्हणजे पाऊस हुकला तर ज्वारी-बाजरी वाचावी. पण पाण्याची पट्टी भरू शकणारं पीक एकच होतं, ऊस. पाणी त्याच्याकडे वळलं. आणि पाण्यामागे माणसं आली. सासवडकडचे माळी बागायतदार नीरेच्या कालव्यावरून पुढे कोपरगाव-बेलापूर भागात उतरले, त्यांनी खंडाने जमिनी घेऊन ऊस लावला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला. म्हणजे जिल्ह्याच्या उत्तर भागाचा आधुनिक इतिहासच मुळी स्थलांतराने सुरू होतो. फक्त ते भांडवल आणि शेतीचं कसब घेऊन आलेल्यांचं होतं, म्हणून त्याला कुणी स्थलांतर म्हटलं नाही.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 मध्ये सुरू झाला. सहकाराने शेतकऱ्याला काय दिलं, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ऊस तोडला कुणी, यावर त्यामानाने थोडं. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक उतरते, म्हणून तोडणी आणि वाहतूक कारखान्याने स्वतःकडे ठेवली. एकाच वेळी हजारो हात हवे होते. बागायतदाराच्या गावात ते मिळेनात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्यात मिळाले. 1972 च्या दुष्काळाने उरलेसुरले बांध फोडले. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीने खडी फोडायला का होईना, गावाजवळ काम दिलं. पण हमीच्या मजुरीत लेकीचं लग्न होत नाही. उचलीत होतं.

उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाने दिलेली आगाऊ रक्कम. ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळते आणि या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. माणसाची मोजणी हत्याराने करणारी भाषा एवढं सांगून जाते की वेगळं भाष्य नको. मोहटादेवीची नवरात्रातली यात्रा झाली, दसरा गेला, की ट्रक भरू लागतात. पहाटे फडात, रात्री मोळ्या भरायला, राहायला पाचटाची कोपी. वाढे विकून हातखर्च. फिटलं नाही तर बाकी पुढच्या वर्षी. 1875 मध्ये जमीन गहाण होती, आता पुढच्या हंगामाची मेहनत. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढीचा करार झाला, हे खरं. पण तो करार टनाचा आहे, फडात न गेलेल्या दिवसाचा नाही.

आता हवामानाकडे येऊ. दुष्काळ आणि स्थलांतर यांचं नातं साधं मानलं जातं: पाऊस हुकला, माणूस निघाला. या जिल्ह्यात ते तसं राहिलेलं नाही. 2018 चा पाऊस हुकला, तेव्हा दक्षिणेकडे चारा छावण्या पडल्या आणि उसाची लागणही घटली. परिणामी राज्याचं साखर उत्पादन 2018-19 मधल्या सुमारे 107 लाख टनांवरून पुढच्या हंगामात 62 लाख टनांच्या आसपास आलं. म्हणजे ज्या वर्षी गावात काहीच नव्हतं, त्याच्या पाठोपाठ फडही आटला. पूर्वी दुष्काळ माणसाला उसाकडे ढकलत असे. आता तो दोन्ही टोकांना एकदम गाठतो. त्यात ऑक्टोबरमध्ये लांबलेला पाऊस हंगाम पुढे ढकलतो आणि उचल घेऊन बसलेली टोळी बिनकामाची खात राहते.

मेंढपाळांचं याहून अवघड. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरायचं आणि पावसाळ्याला परतायचं, हा पारनेर-संगमनेरकडच्या धनगरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम पावसाच्या खात्रीवर उभा होता. डिसेंबर 2021 च्या पहिल्या दोन दिवसांतल्या अवकाळी पावसाने आणि गारठ्याने जुन्नर, पारनेर, संगमनेर पट्ट्यात शेकडो मेंढ्या उघड्यावर मेल्या. डिसेंबरचा पाऊस त्यांच्या हिशेबात कधी नव्हताच.

हिवरे बाजारचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं, आणि ते खोटं नाही. पोपटराव पवारांच्या काळात गेलेली कुटुंबं परत आली. पण तिथे शेतीसाठी बोअरवेल आणि ऊस यांवर बंदी आहे आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडला जातो, हा भाग सांगताना बऱ्याचदा गाळला जातो. कारण तो सांगितला की पुढचा प्रश्न प्रवरेच्या आणि मुळेच्या कालव्यांवर येतो.

जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचं नाव मिळालं आहे. त्यांचं जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यात येतं. दसऱ्यानंतर त्या तालुक्यातल्या कित्येक घरांत म्हातारी माणसं आणि पेरलेली रब्बीची ज्वारी मागे राहते. शाळकरी पोरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. उत्तरेकडच्या फडांत दरम्यान तोडणी यंत्रं उतरू लागली आहेत, आणि मुकादम पुढच्या वर्षीची उचल द्यायला हात आखडता घेत आहेत.