अरबी समुद्रातील वादळे आणि कष्टकऱ्यांचा किनारा

श्रोतेहो, आपल्या शीळफाट्यावरून समुद्र दिसत नाही. गोदामावरचा पत्रा उडाला म्हणजेच आपल्याला समुद्राची आठवण होते. तरीही आजचा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

प्रथम एका आकड्याचा निकाल लावू. 6 जून 1882 रोजी मुंबईत वादळ होऊन एक लाख माणसे मेली, असे अनेक याद्यांत छापलेले आढळते. त्या काळच्या कागदपत्रांत अशा संहाराचा मागमूस नाही. मालकांशी पगाराच्या वाटाघाटी करताना 'हा आकडा आला कोठून?' असे विचारण्याची आम्हांला सवय लागली; इतिहासातही तीच कामास येते.

खरी घटना सहा वर्षांनंतरची. नोव्हेंबर 1888 मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघालेली 'वैतरणा' आगबोट काठेवाडच्या किनाऱ्यालगत वादळात नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'वीजळी' म्हणत. सातशेंवर माणसे गेली. बोटीवर दिव्यांचा थाट होता. बचावाच्या होड्या व जाकिटे मात्र अपुरी होती, असे चौकशीत निघाले.

आता ही शक्ती येते कोठून? वादळाचे भांडवल म्हणजे ऊन पाणी. समुद्र साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून अधिक तापला, तोही बराच खोलवर, की त्याची वाफ वर चढते. वर गार होऊन तिचे पाणी होते, तेव्हा पोटातली उष्णता ती हवेत सोडते. त्या ऊबेने हवा आणखी वर जाते, खाली दाब उतरतो, भोवतालची हवा आत धावते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे तिला वळण मिळते. 1979 साली प्रशांत महासागरातील 'टिप' वादळात दाब 870 मिलिबारपर्यंत उतरला. समुद्रसपाटीवर याहून कमी दाबाची नोंद नाही. उलट वरचा वारा एकीकडे व खालचा दुसरीकडे वाहू लागला, की वादळाचा खांब कलतो. म्हणूनच ऐन पावसाळ्यात आपल्याकडे मोठी वादळे क्वचित होतात. त्यांचे दिवस मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. जमिनीवर आले की वाफेचा पुरवठा तुटतो, डोंगर-झाडांशी घासून वारा थकतो. 3 जून 2020 चे 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले, श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा त्याने आडव्या केल्या आणि घाट ओलांडून रात्रीपर्यंत ते पुष्कळ क्षीण झाले. पहिला तडाखा बागायतदाराचा, उरलेला पाऊस आपला.

पण समुद्रातच कामाला असलेल्याचे काय? मे 2021 मधील 'तौक्ते' तापलेल्या पाण्यावरून उत्तरेस जाताना झपाट्याने बळावले. वारा ताशी 185 किलोमीटरपर्यंत गेला. हवामान खात्याचा इशारा काही दिवस आधीच आला होता. तरी मुंबईपासून दूर, तेलविहिरींजवळ 'पी-305' या बार्जवर 261 माणसे होती. नांगर तुटले, बार्ज भरकटली आणि 17 मे रोजी बुडाली. सत्तरच्या आसपास माणसे दगावली. नौदलाने खवळलेल्या पाण्यातून शेकडा-दीडशेंवर जीव वाचवले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. इशारा पोहोचला होता. परंतु तो ऐकून किनाऱ्याला निघणे मजुराच्या हाती होते काय? 1888 साली भर समुद्रातल्या बोटीला वादळाची बातमी कळवण्याची सोयच नव्हती. 2021 साली बातमी होती, आणि वेल्डर, रंगारी, खानसामे जागच्या जागीच होते.