हजेरी आणि हमी

नंदुरबारच्या कोर्टात कारकुनी करीत मी आयुष्याची बरीच वर्षे काढली. त्या काळी आमचा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा १९९८ च्या जुलैत झाला. चांगल्या वर्तणुकीच्या हमीचे मुचलके मी किती लिहिले असतील, त्याची गणती नाही. पण त्या कागदाचा अर्थ मला शिकवला तो एका फासेपारधी म्हाताऱ्याने.

त्याच्या नातवाने बाजारात मारामारी केली होती. वय विशीच्या आतले, पहिलाच गुन्हा. न्यायाधीशांनी तुरुंगाऐवजी त्याला वर्षभर परिविक्षा अधिकाऱ्याच्या, म्हणजे आपल्या बोलीत प्रोबेशन ऑफिसरच्या, देखरेखीखाली सोडले. मी मुचलका पुढे केला, तेव्हा म्हातारा खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊसाहेब, हजेरी रातची लागंल का सकाळची?"

हजेरी! हा शब्द त्याने तरुणपणी अंगावर झेलला होता. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात आला आणि १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यातही पोचला. फासेपारधी, कैकाडी, टकारी अशा जमाती त्यात गोवल्या गेल्या. नाव नोंदवा, बोटांचे ठसे द्या, ठरल्या वेळी हजर राहा, गाव सोडायचे तर परवाना घ्या. गुन्हा काय केला, हे विचारण्याची गरजच नव्हती. जन्म पुरेसा होता. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. हा कायदा रद्द झाला ऑगस्ट १९५२ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी!

आमच्या खानदेशाने त्याहून जुना एक प्रयोगही पाहिला आहे. १८१८ साली हा प्रांत इंग्रजांकडे आला, तेव्हा डोंगरवाटा राखणाऱ्या भिल्लांचे परंपरेचे हक्क बुडालेले होते आणि लुटालूट माजली होती. सात वर्षे फौजा धाडूनही भागेना. तेव्हा, एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, १८२५ मध्ये तीन भिल्ल एजन्सी निघाल्या. वायव्येकडच्या एजन्सीत नंदुरबार आणि सुलतानपूर होते. मागचे गुन्हे माफ करावेत, पडीक जमीन द्यावी, बी-बैलांसाठी तगाई द्यावी आणि लक्ष ठेवावे, अशी ती रीत होती. धरणगावाकडे बावीस वर्षांच्या औट्रमने पाच भिल्लांपासून आपली पलटण उभारायला सुरुवात केली. यात सगळी दया होती असे मी म्हणणार नाही. भिल्लांकरवीच भिल्लांचा बंदोबस्त करण्याचा साहेबी हिशेबही होताच. तरी एवढे खरे, की माणसाच्या हाती नांगर दिल्यावाचून त्याच्यावर नुसता डोळा ठेवून उपयोग नाही, हे तेव्हा कळलेले होते. मग पुढच्या पिढ्या ते विसरल्या कशा?

प्रोबेशनची कुळकथा निराळीच आहे. १८४१ साली अमेरिकेत बोस्टन शहरी जॉन ऑगस्टस नावाच्या जोडे बनवणाऱ्याने कोर्टात एका दारुड्याला जामीन दिला आणि सुधारून परत आणून उभा केला. एका माणसाने दुसऱ्या एका माणसाची घेतलेली ही हमी! मुंबई प्रांतात तिचा कायदा १९३८ साली, बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या वेळी झाला; सबंध देशासाठी १९५८ साली. एकवीस वर्षांखालच्याला तुरुंगात पाठवायचे, तर न्यायाधीशाला त्याची कारणे लिहावी लागतात, आणि हमीची मुदत तीन वर्षांपलीकडे जात नाही. जन्मठेपेच्या वा फाशीच्या गुन्ह्याला मात्र ही सवलत नाही.

कागदावर सारे सोपे. पण हमीची एक अट असते, ठरल्या ठिकाणी राहण्याची. आमच्याकडे दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे भांडीकुंडी बांधून गुजरातेत, बारडोली-सुरतेकडे ऊस तोडायला निघतात. जो गावी राहील तो उपाशी, जो जाईल तो अटमोडा! आता करायचे काय? परिविक्षा अधिकारी खुर्चीतला असला, तर अहवालात ‘गैरहजर’ लिहून मोकळा होतो. त्या नातवाचा अधिकारी वस्तीवर पायी जाणारा होता. त्याने म्हाताऱ्याजवळ बसून चहा घेतला, मुकादमाचे नाव-गाव टिपले, आणि अट बदलून मिळावी म्हणून कोर्टात अर्ज केला. तशी सोय कायद्यातच आहे, वापरणारा हवा. पोरगा कोयता घेऊन गेला आणि उन्हाळ्यात परत आला.

वर्ष सरले. मुदत संपली त्या दिवशी नातू कामावर होता. म्हातारा एकटाच आला.

"नाव खोडलं का, भाऊसाहेब?"

मी रजिस्टर उघडून मुदत पूर्ण झाल्याची ओळ त्याला दाखवली. त्याला वाचता येत नव्हते. तरी तो त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग त्याने विचारले, "आणि माझं?"