घरपोच जेवण आणणाऱ्याचा मालक कोण?



आजचा विषय अक्षरशः आपल्या दारापर्यंत येणारा आहे. आपण मोबाइलवर बोट टेकवतो आणि अर्ध्या-पाऊण तासात पाठीवर चौकोनी पिशवी घेतलेला एक तरुण दारात उभा राहतो. पिशवीत बिर्याणी असते, थाळी असते, कधी नुसते दोन वडापाव असतात. हा मुलगा कोणाचा नोकर? हॉटेलचा नाही. आपला तर नाहीच. अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीला विचारलं तर ती सांगते, आमचाही नाही, तो आमचा ‘डिलिव्हरी पार्टनर’. म्हणजे भागीदार.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. एखादा शब्द आणि त्या शब्दामागची वस्तू यांचा मेळ बसतो की नाही, हे तपासणं हा आमचा धंदा. पण हा ‘भागीदार’ शब्द मला नुसत्या तर्कानं तपासायचा नाही, इतिहासाला साक्षीला घेऊन तपासायचा आहे. कारण राबणाऱ्या माणसाचा मालक कोण आणि त्याला काय देणं लागतं, हा प्रश्न मुंबईला नवा नाही. या शहरानं त्याची निदान तीन उत्तरं देऊन पाहिली आहेत.

आधी आजचा व्यवहार समजून घेऊ. रायडरला महिन्याचा पगार नसतो, ऑर्डरमागे पैसे मिळतात. त्यात एक मूळ रक्कम असते, अंतराप्रमाणे काही मिळतं, पावसात किंवा गर्दीच्या वेळी थोडी वाढ मिळते, आणि ठरावीक संख्येचं लक्ष्य गाठलं तर ‘इन्सेंटिव्ह’. दर कंपनी ठरवते आणि बदलतेही तीच. गाडी मात्र त्याची. पेट्रोल त्याचं, टायर-ऑइल त्याचं, मोबाइल आणि त्यातला डेटाही त्याचा.

हिशेब समजावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेतो. समजा, दिवसअखेर स्क्रीनवर ९०० रुपये दिसले. त्यातले २०० पेट्रोलला गेले. गाडीचा हप्ता आणि झीज मिळून रोजचे १५० धरा. उरले ५५०. तो ११ तास रस्त्यावर होता. म्हणजे तासाला ५० रुपये पडले. आता गंमत बघा, स्क्रीन त्याला ९०० दाखवते, ५० दाखवत नाही. तो भागाकार त्याचा त्यालाच करावा लागतो, आणि करायला वेळ असतोच असं नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाला मी विचारलं, “दिवसाचे किती सुटतात रे?” तो म्हणाला, “काका, काल किती सुटले ते सांगतो. आजचं कसं सांगू?”

या मुलांशी बोललात तर तीन तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. पहिली, दर आपल्या हातात नाही. दुसरी, वाट पाहण्याचे पैसे नाहीत. हॉटेलात पदार्थ तयार व्हायला वीस मिनिटं लागली किंवा दुपारी तीन ते सहा कोणी मागवलंच नाही, तर तो वेळ त्याच्या खिशातून जातो. तिसरी सगळ्यात कडू आहे. एखाद्या ग्राहकानं तक्रार केली आणि ‘आयडी ब्लॉक’ झाला, तर दाद कोणाकडे मागायची? समोर माणूसच नसतो.

आता आपण इतिहासाकडे वळू.

जेवण घरातून कामाच्या जागी पोचवण्याचा धंदा मुंबईत सुरू झाला त्याचं साल साधारण १८९० मानतात, आणि त्याचं श्रेय महादू हावजी बच्चे यांना देतात. मावळ, खेड, जुन्नर या भागातली माणसं या धंद्यात आली. डबेवाला हा आजच्या रायडरचा थोरला चुलता म्हणायला हरकत नाही. दोघंही दुसऱ्याचं जेवण वाहतात, दोघांनाही घड्याळ पुढे ढकलत असतं आणि दोघांनाही मालक नाही. पण ‘मालक नाही’ याचा अर्थ दोघांच्या बाबतीत फार वेगळा आहे.

डबेवाल्यांचे गट असतात, गटाचा मुकादम असतो. ग्राहकाकडून महिन्याचे पैसे घेतात. त्यातून सायकल, लोकलचा पास वगैरे खर्च वजा जाता उरलेली मिळकत गटात सारखी वाटली जाते. पाऊस पडला म्हणून एकाचे पैसे वाढले आणि दुसऱ्याचे बुडाले, असं होत नाही. दर त्यांचे तेच ठरवतात. आणि गावची जत्रा आली की सगळे मिळून काही दिवस काम बंद ठेवतात. ग्राहक कुरकुरतो, पण त्या दिवसांपुरता बाहेर जेवतो. मित्रहो, याला म्हणतात भागीदार! दर ठरवण्यात ज्याचा आवाज आहे, नफ्यात ज्याचा वाटा आहे, आणि जत्रेला जायचं ठरवलं तर ज्याला कोणी ‘ब्लॉक’ करू शकत नाही, तो. हे पहिलं उत्तर.

दुसरं उत्तर गिरणीतून आलं. गिरणी कामगाराला कोणी भागीदार म्हटलं नाही. तो उघडउघड मजूर होता. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्या मांडल्या. आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, काम करताना इजा झाली तर भरपाई. किती साध्या मागण्या! रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं, म्हणजे डबेवाल्यांच्या आरंभाचं जे साल मानतात तेच. दुपारच्या अर्ध्या तासाकडे जरा लक्ष द्या. तो जेवणासाठी होता. आज साऱ्या शहराच्या जेवणाची वेळ हीच रायडरच्या धावपळीची वेळ असते. दुसऱ्याची थाळी गरम पोचावी म्हणून तो स्वतः चार वाजता काहीतरी खातो.

वाट पाहण्याची तक्रारही गिरणीला ठाऊक होती. ‘बदली कामगार’ रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहायचा. कायमचा माणूस गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. दारात उभं राहण्याचे पैसे नाहीत. आज दार मोबाइलमध्ये आलं आहे, एवढाच फरक.

आणि दंड! विणताना कापड खराब झालं तर ते विणकराच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून कापायची, अशी रीत होती. दंडाच्या आणि कपातीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १९३६ साली वेतन प्रदान कायदा करावा लागला. त्यातल्या दंडाच्या तरतुदी मला फार महत्त्वाच्या वाटतात. कोणत्या चुकीला दंड आहे ते आधी जाहीर करा. दंड ठरावीक मर्यादेपलीकडे नको. कामगाराला आपली बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय दंड करता येणार नाही. आणि वसूल झालेला दंड मालकाच्या खिशात न जाता कामगारांच्या हितासाठीच खर्च झाला पाहिजे. हे इंग्रजांच्या राज्यात झालं, ध्यानात घ्या. कापडावर डाग पडला म्हणून दोन-चार आणे कापण्याआधी १९३६ सालच्या विणकराला ‘तुझं म्हणणं काय?’ हे विचारणं भाग होतं. आज ज्याची अख्खी रोजीरोटी एका क्षणात बंद होते, त्याला तो प्रश्न कोणी विचारावा? तो मजूर नाही, भागीदार आहे, म्हणून तो कायदा त्याच्यापर्यंत पोचला नाही. शब्दाची किंमत ही अशी मोजावी लागते.

इथे कोणी म्हणेल, सर, पण त्याला स्वातंत्र्य आहे ना! वाटेल तेव्हा लॉगिन, वाटेल तेव्हा लॉगआउट. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. कॉलेज करून संध्याकाळी चार तास काम करणाऱ्या मुलाला ही मोकळीक खरोखर हवी असते. सगळ्यांना आठ तासांच्या पाळीत कोंबा, असं माझं म्हणणं नाही. पण स्वातंत्र्याची एक सोपी कसोटी आहे. ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं ते बघा. ऑर्डर नाकारली आणि इन्सेंटिव्ह गेला, गर्दीच्या वेळी लॉगआउट केलं आणि पुढच्या आठवड्यात चांगल्या वेळा मिळाल्या नाहीत, तर ते ‘नाही’ म्हणण्याचं स्वातंत्र्य महाग आहे. घरी हप्ते थकलेल्या माणसाला ते परवडत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. पोटासाठी मिळेल त्या अटी स्वीकाराव्या लागणाऱ्या माणसाचे मूलभूत हक्क कागदावर राहतात, आणि सरकारनं अंग काढून घेतलं की त्याच्यावर राज्य येतं ते खाजगी मालकाचं.

आता तिसरं उत्तर. माझ्या मते आजच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं हेच आहे, आणि ते अस्सल महाराष्ट्राचं आहे. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. मुंबईच्या बाजारांत आणि गोदामांत हमालांच्या टोळ्या काम करायच्या. सकाळी एका व्यापाऱ्याच्या गोणी, दुपारी दुसऱ्याच्या. मजुरी नगावर. व्यापारी म्हणायचा, हा माझा माणूस नाही, टोळीचा आहे. टोळीवाला म्हणायचा, मी कसला मालक? मग म्हातारपणी, आजारपणात, गोणीखाली पाय चेंगरला तर हमालाचं कोण? कोणीच नाही. ऐकल्यासारखं वाटतं ना?

अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांना संघटित केलं. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत उभी राहिली. आणि १९६९ साली महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. त्याच्या आधी गोदी कामगारांसाठी १९४८ साली केंद्राचा तशाच धर्तीचा कायदा आला होता. माथाडी कायद्याची युक्ती अशी. हमाल कोणाचा नोकर, या वादात अडकून पडायचं नाही. माल कोणाचा वाहिला गेला, एवढं बघायचं. बाजाराबाजारासाठी मंडळं नेमली. त्यांत कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. व्यापाऱ्यानं नोंदणी करायची, कामगारानंही करायची. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के ‘लेव्ही’ भरतो. मजुरी मंडळातून कामगाराला मिळते, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, पगारी रजा, दवाखाना. दहा व्यापाऱ्यांकडे काम केलं तरी खातं एकच. कामाची मोकळीक तशीच राहिली आणि म्हातारपणाची सोय झाली. पुढे १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांसाठी याच साच्यातला कायदा केला. व्यवस्था निर्दोष होती असं नाही. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणाऱ्या टोळ्याही निघाल्या, मंडळांत दिरंगाई झाली. पण दोष आहेत म्हणून कल्पना खोटी ठरत नाही.

हीच कल्पना आता देशभर पुन्हा उगवते आहे. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात अशी ७७ लाख गिग कामगार मंडळी होती, आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जातील असा अंदाज आहे. राजस्थाननं २०२३ मध्ये कायदा करून प्रत्येक व्यवहारामागे कल्याण शुल्क आणि त्यासाठी मंडळ, अशी रचना केली. ही लेव्हीच, नाव वेगळं. कर्नाटकानं २०२५ मध्ये तशीच वाट धरली आणि शिवाय काढून टाकण्याआधी १४ दिवसांची सूचना आणि लेखी कारण मागितलं. म्हणजे १९३६चा प्रश्न परत आला, ‘तुझं म्हणणं काय?’ केंद्राची २०२०ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिच्यात कंपनीनं वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे आहेत, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त नाहीत.

हे स्वागतार्ह आहे, पण अपुरं आहे. यातून विमा मिळेल, म्हातारपणी आधार मिळेल. आजच्या तासाला काय मिळावं, हे मात्र ठरत नाही. वाट पाहण्याचा वेळ मोजला जात नाही. तो मोजता येतो, बरं का! न्यूयॉर्क शहरानं २०२३ मध्ये रायडरसाठी तासाचा किमान दर लावला आणि तो ठरवताना ऑर्डरची वाट पाहण्याचा वेळही धरला. घड्याळ तर कंपनीकडे आहेच. मुलगा कुठल्या मिनिटाला कुठल्या चौकात होता, हे ज्यांना कळतं त्यांना तो किती वेळ थांबला हे कळत नाही, असं कसं म्हणता येईल?

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. त्याला भागीदार म्हणायचं असेल तर डबेवाल्यासारखा दर ठरवण्यात आवाज आणि मिळकतीत वाटा द्या. मजूर म्हणायचं असेल तर गिरणी कामगारानं मिळवलेली सुट्टी, किमान वेतन आणि बाजू मांडण्याचा हक्क द्या. दोन्ही म्हणायचं नसेल तर माथाडीची वाट धरा, आणि लेव्हीबरोबर तासाचा किमान दरही ठरवा. यांपैकी काहीच न देता फक्त नाव गोड द्यायचं, हे चौथं उत्तर इतिहासाला मान्य नाही.

महाराष्ट्राकडे या कामाचा ५०-५५ वर्षांचा अनुभव आहे. आपल्या आमदाराला विचारा, माथाडी मंडळाच्या धर्तीवर रायडरसाठी मंडळ का नको? आणि ते होईपर्यंत आपल्या सोसायटीच्या सभेत एवढा ठराव तरी मांडा, की डिलिव्हरीवाल्यांना लिफ्ट वापरू द्यावी आणि खाली पिण्याचं पाणी ठेवावं. त्याला कायदा लागत नाही.

प्रश्न असतील तर आता घेऊ.