अंतःस्थापित यूएसबी यजमान आणि असमर्थित उपकरणे

अंतःस्थापित यूएसबी यजमान म्हणजे विशिष्ट कामासाठी घडवलेल्या यंत्रातील, मोजकीच यूएसबी उपकरणे चालवू शकणारा यजमान होय. दूरचित्रवाणी संच, छपाईयंत्र, मोटारीतील संगीतयंत्र ही त्याची परिचित उदाहरणे. घरच्या संगणकाप्रमाणे त्यात हवे ते चालक सॉफ्टवेअर मागाहून घालता येत नाही. म्हणून उत्पादकाने समर्थित उपकरणांची यादी (लक्ष्यित उपकरण सूची) जाहीर करावी, असे यूएसबी २.०च्या पुरवणी मानकात सांगितले आहे.

ओळख आणि नकार

उपकरण जोडताच यजमान त्याच्याकडून उत्पादक-क्रमांक, उत्पादन-क्रमांक आणि वर्ग ही माहिती मागवतो. यूएसबी २.०नुसार या टप्प्यावर उपकरणाने १०० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह घ्यायचा नसतो; ५०० पर्यंतची मुभा यजमानाने त्याची संरचना निश्चित केल्यानंतरच मिळते. उपकरण सूचीत नसेल किंवा त्याची विजेची गरज भागणार नसेल, तर यजमानाने संरचना नाकारावी. मात्र हा नकार मूक नसावा. वापरणाऱ्याला समजेल असा संदेश द्यावा, हे पुरवणीचे महत्त्वाचे कलम आहे.

व्यवहारात याच कलमाची उपेक्षा होते. लिनक्समधील सूची-तपासणीची सोय अमान्य उपकरणाची नोंद करते, पण ती गाभ्याच्या नोंदवहीत; पडद्यावर काहीच उमटत नाही. ती नोंद वाचून पडद्यावर आणणे हे यंत्र घडवणाऱ्याचे काम, आणि तेच बहुधा राहून जाते. कळफलक असल्याची बतावणी करणाऱ्या घातक उपकरणांचा धोका (बॅडयूएसबी) २०१४ साली उघड झाल्यापासून अनोळखी उपकरण नाकारणेच श्रेयस्कर ठरले आहे. तथापि नाकारणे वेगळे आणि गप्प बसणे वेगळे.

नंदुरबारचा संदर्भ

आधार क्रमांकाच्या वाटपाचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली (ता. शहादा) येथे झाला. आधार पडताळणीत बोटांचे ठसे किंवा बुबुळ टिपणारे उपकरण अनेकदा यूएसबीने जोडलेले असते. २०१७ पासून प्राधिकरणाने नोंदणीकृत उपकरणांची पद्धत आणली. त्यामुळे येथे समर्थनाचे दोन स्तर संभवतात: ऑपरेटिंग सिस्टीमने उपकरण ओळखले, तरी त्याची नोंदणीकृत सेवा यंत्रावर नसल्यास ठसा स्वीकारला जात नाही. दोन्ही अडचणींना एकच मोघम संदेश दिला, तर दोष उपकरणाचा की बोटाचा हे दुकानदाराला कळत नाही. शेतमजुराचे झिजलेले ठसे हे कारण तर नेहमीच हाताशी असते, आणि धान्य न घेता परतावे लागते ते कार्डधारकाला. अशा यंत्रांवर ‘उपकरण समर्थित नाही’ आणि ‘ठसा जुळला नाही’ हे संदेश स्वतंत्र व मराठीत असणे आवश्यक आहे.